छापखान्यातला पी.पी. नंबर

बाबा,

काल मी मोबाइलची कंपनी बदलली. इतकी वर्षं त्या महागड्या कंपनीला चिकटून होते, आता स्वस्तातली घेतली. दुकानातली मुलगी कार्ड बदलता बदलता म्हणाली, "नंबर तोच राहते काकू, कोणाले काही सांगाची गरज नाही." आणि माझं डोकं असं सणकलं की भर दुकानात मी तिच्यावर ओरडले. सांगायची गरज नाही म्हणजे काय, सांगायलाच पाहिजे, असं काहीबाही. ती बिचारी घाबरून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. राग तुमच्यावरचा होता. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली तरी तो काही उतरत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

इतवारीतल्या आपल्या गल्लीत दोनच फोन होते. एक आपला आणि एक शेजारच्या काकांच्या छापखान्यात, भिंतीला भिंत लागून. आपला फोन बैठकीत, आईनं भरलेल्या रुमालाखाली झाकलेला, डायलला कुलूप, किल्ली तुमच्या बंडीच्या खिशात. तुमची मिरचीची अडत होती, भिवापूरचा माल यायचा, आणि फोन वाजला की तुम्ही मुद्दाम तीन घंट्या जाऊ द्यायचात. गल्लीला ऐकू गेलं पाहिजे ना! ट्रंक कॉलला उशीर झाला की रिसीव्हर असा आपटायचात की स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी थांबायची. त्या आवाजावरून आम्ही ओळखायचो, आज कोणाच्या पाठीवर बसणार आहे ते. तुमचा हात फार लवकर उठायचा, बाबा. लोक म्हणत, तापट आहे पण मनाचा साफ आहे. मार खाणाऱ्याला त्या साफ मनाचा काय उपयोग, हे त्यांच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही.

ताईला अकोल्याला दिली तेव्हा तुम्ही ती युक्ती काढलीत. त्या काळी ट्रंक कॉल एखाद्या माणसाच्या नावानं लावता येई. तो माणूस नाही असं पलीकडून कळलं की कॉल रद्द, आणि किरकोळ आकार सोडून पैसे परत. ताईनं पोस्टात जाऊन कॉल लावायचा. ऑपरेटरनं "मामासाहेब आहेत का?" विचारलं तर सगळं खुशाल. "वकीलसाहेब आहेत का?" विचारलं तर मला येऊन घेऊन जा. दोन्ही वेळा तुम्ही म्हणायचं, "नाही, बाहेरगावी गेले." पत्रं तिच्या सासरी फोडून वाचत, तारेतला मजकूर तिथला तारबाबू वाचणार, आणि तो तिच्या सासऱ्याच्या बैठकीतला. ही युक्ती मात्र कोणाच्या बापाला कळणार नव्हती. दर महिन्याला मामासाहेबांची चौकशी यायची, तुम्ही गंभीर चेहऱ्यानं नाही म्हणायचात, आणि फोन ठेवला की खदखदून हसायचात. "पोरगी खुशाल आहे वं," असं आईला ओरडून सांगायचात. तेवढ्यापुरते तुम्ही मला फार आवडायचात. हेही लिहिलं पाहिजे.

मग अडत बसली आणि एके दिवशी खात्याचा माणूस येऊन फोन काढून घेऊन गेला. तुम्ही वरवर बेफिकीर. "शेजारी आहे न! आपलं काम तिथून होते. फुकटचं भाडं काहून भराचं?" लगेच छापखान्यात नवे लेटरहेड टाकलेत, वर काकांचा नंबर आणि पुढे पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा, आम्हाला बोलावून द्या. ताईलाही नवा नंबर पत्रानं कळवलात, तोही व्यापाराच्या गोष्टीत गुंडाळून. आईनं हळूच विचारलं होतं, "त्या भाऊजीले मामाचं अन् वकिलाचं सांगून ठेवा न." तुम्ही तिच्यावर उसळलात. "तो हरिश्चंद्राचा अवतार! सरकारले ठकवतो म्हणन मले. गल्लीत तोंड दाखवाले जागा राहीन काय? ट्रंक आला की तो मले हाक मारन, बस." ऑपरेटर तुमचं नाव घेणारच नाही, वकिलाला मागणार आहे, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. आमच्याही आलं नाही. इतकी वर्षं फोन वाजला की तो तुमचाच असायचा.

त्याच आठवड्यात सावनेरचे दोन व्यापारी बैठकीत बसले होते. मी चहा घेऊन गेले. तुम्ही त्यांना सांगत होतात की फोन म्हणजे नुसता खर्च, शहाण्या माणसानं ठेवूच नये. मी सतरा वर्षांची, जिभेला हाड नाही. म्हणाले, "आता ताईले रडाचं असलं तर शेजाऱ्याले विचारून रडा लागन." कपबश्या खाली पडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, थप्पड नंतर कळली. दुसरी बसली तेव्हा मी दाराच्या चौकटीवर आपटले. ओठ फाटला, दात हलला. एक व्यापारी म्हणाला, "राहू द्या जी, लेकरू आहे." तुम्ही म्हणालात, "लेकरू? हिची जीभच उपटून काढतो." त्या क्षणी मला खरंच वाटलं की काढाल. तेव्हापासून मी तुमच्याशी अबोला धरला. तुम्ही दोनदा पाणी मागितलंत, मी पेला समोर आपटून ठेवला आणि निघून गेले. आई विनवत होती. मी म्हटलं, आधी त्यांनी बोलावं.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून आईचा एक चुलतभाऊ आला आणि दारातूनच म्हणाला, "पोरीले आजच घेऊन या. उद्यावर नोका टाकू." तुम्ही अंगातल्या कपड्यांनिशी निघालात. तिथे काय केलंत ते मला ताईकडून कळलं. जावयाला अंगणात खेचलंत, विहिरीच्या दगडावर त्याचं डोकं धरून हाणलंत, सासरा मध्ये पडला तर त्यालाही लाथ घातलीत. खोटं कशाला बोलू, हे ऐकताना मला आनंद झाला होता. आजही होतो.

ताई डोक्याला पंचा गुंडाळून घरात शिरली. डाव्या कानातून पाणी आणि रक्त येत होतं. तुम्ही तिला धरून गदागदा हलवलंत. "फोन काहून नाही लावला? काहून नाही लावला?" ती म्हणाली, "दोनदा लावला बाबा. वकीलसाहेबच विचारले. दोन्ही बार नाही म्हणाले. मले वाटलं तुम्हीच म्हणून राहिले, निरोप पोचला. मी पिशवी भरून बसून होती." दुसऱ्यांदा ती पोस्टातून परतली तेव्हा नवरा दारात उभा होता. पोस्टात कोणाला भेटतेस म्हणून त्यानं पितळी तांब्या तिच्या कानशिलावर घातला, तीन वेळा. तोवर ती तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

तुम्ही तिला सोडलंत. उठलात आणि थेट छापखान्यात. मी मागे धावले. काका छपाईचे खिळे जुळवत उभे होते. तुम्ही त्यांना सदऱ्याला धरून गल्ल्यावर आडवं पाडलंत, आणि फोनचा रिसीव्हर उचलून त्यांच्या तोंडावर हाणलात. "वकिलाचा फोन आला होता न बे? सांगतलं काहून नाही? काहून नाही सांगतलं?" प्रत्येक शब्दाला एक. खिळ्यांची पेटी उलटली, शिशाची अक्षरं सगळ्या फरशीवर पसरली, माणसं त्यांच्यावरून घसरत तुम्हाला ओढत होती. काका हात वर करून म्हणत होते, "माह्याकडे वकील नाही जी, राँग नंबर वाटला, खरं सांगतो." खरंच सांगत होते. त्यांचे समोरचे दोन दात गेले. तुम्ही मरेपर्यंत त्यांची माफी मागितली नाहीत. मरताना मात्र आईला म्हणालात, त्यानं सांगितलं असतं तर पोरीचा कान वाचला असता. शेवटपर्यंत तुम्ही त्या माणसाला गुन्हेगार समजलात.

पहिला कॉल आला तेव्हा मी त्या छापखान्यात उभी होते, बाबा. तुमचे नवे लेटरहेड आणायला आईनं मला पाठवलं होतं. ओठ अजून सुजलेला होता. घंटी वाजली, काकांनी उचलला, आणि म्हणाले, "कोण वकीलसाहेब? नाही जी, इथं कोनी वकील नाही." मला तिथेच कळलं. गठ्ठा उचलून मी निघाले. घर चार पावलांवर होतं. तुम्ही बैठकीत पेपर वाचत होतात, मी गठ्ठा तुमच्यासमोर ठेवला. तोंड उघडलं असतं तर तुम्ही दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघाला असता. पण अबोल्याचा चौथा दिवस होता. मला वाटलं, तुम्ही एकदा "दुखून राहिलं का वं?" एवढं विचारा, की लगेच सांगते. तुम्ही पेपरमधून मान वर केली नाहीत. दुपार झाली, जेवणं झाली, मी स्वतःची समजूत घातली की ताई पुन्हा लावेल. आईलाही सांगितलं नाही.

तुम्ही हाणत होतात तेव्हा काकांची नजर माझ्याकडे गेली. मी दारात होते. वकिलाचं नाव तुमच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला, त्या दिवशी गल्ल्यापाशी कोण उभं होतं हेही आठवलं. एक बोट माझ्याकडे केलं असतं तर तुमचा हात माझ्याकडे वळला असता, आणि मग मी काही उरले नसते. त्यांनी तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाले, "चूक माहीच आहे जी." पुढे ते वीस वर्षं शेजारी राहिले. मी कधी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या बहिणी एकत्र राहतो. ताई इतका वेळ पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. आत्ता म्हणाली, "सकाळपासून कोणाले लिहून राहिली वं?" मी उठले, तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि त्या कानात सगळं खरं सांगितलं, अगदी हळू आवाजात. ती म्हणाली, "इकडून बोल, मले ऐकू नाही येत." मी म्हटलं, काही नाही.