आपली सातवी भाड्याची गाडी

लिंकन, नेब्रास्का
२१ एप्रिल, मंगळवार

प्रिय आल्बिना,

परवा रविवारी आपण फोनवर पाऊण तास बोललो, आणि आज मी हे पत्र लिहायला बसले आहे. माझं डोकं फिरलं असं समजू नकोस. फोनवर तू मला मधे बोलू देत नाहीस, आणि दिलंस तरी माझ्या तोंडून हवं ते निघत नाही. नववीत असताना सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या, "अगाथा, तुझ्या जिभेला कुलूप लावलं आणि हातात पेन दिलं, की तू जरा माणसात येतेस." कॉन्व्हेंटमध्ये त्यांनी मला सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढीच एक मी मनावर घेतली.

तू म्हणालीस, दहा मेला टेसा वेदीपाशी पहिल्यांदा प्रभूची भाकर घेईल, त्या पहिल्या कम्युनियनला तू जाणार नाहीस. एकुलती एक नात, आठ वर्षांची, तिचा पांढरा झगा शिवून खुंटीला टांगलेला, आणि तू चौदा मैलांवर शेतातल्या घरात एकटी बसून राहणार. का, तर चर्चमध्ये त्याच बाकावर सून, कोरीन, असेल. "जिनं माझं लायसन्स घालवलं तिच्या शेजारी बसून मी देवाचं नाव घेऊ?" असं म्हणालीस. मी 'हं' म्हटलं. दीड वर्ष झालं, तू कोरीनचा विषय काढलास की मी 'हं' म्हणते. पोटच्या मुलाचे, लेनर्डचे, फोन तू घेत नाहीस, त्यानं दारात ठेवलेला किराणा तू शेजारच्या नोव्हाकांच्या हाती परत पाठवतेस, आणि मी लिंकनमध्ये बसून 'हं' म्हणते. रविवारी फोन ठेवल्यावर मी जर्दाळू भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, भट्टीतून काढायला विसरले. कोळसा झाला. एवढ्या वर्षांत माझ्याकडून काही करपल्याचं तुला आठवतं का?

सिस्टर बेनिग्नांच्या अंत्यविधीला मी गेल्या महिन्यात कॅन्सस सिटीला जाऊन आले ते तुला सांगितलंच. मात्र कशी गेले ते सांगितलं नाही. माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून भाड्याची घेतली. तू गेल्यापासूनची, म्हणजे तू माझ्या शेजारी बसणं बंद केल्यापासूनची, पहिलीच. काउंटरवर नेहमीचाच तमाशा. मी छोटी मोटार मागितली होती. तिथली बाई हसून म्हणाली, "मॅडम, आज तुमचं नशीब जोरावर आहे, तुम्हाला मोठी जीप देतेय!" मी म्हटलं, "बाई, मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या गाडीत चढायला मला शिडी देणार आहात का?" यांच्याकडे आपण मागतो ती गाडी कधीच नसते, आणि जी असते ती आपल्यावर उपकार केल्यासारखी देतात. नाव नोंदवायचं तरी कशासाठी? मागून कुणीतरी खुसकन हसलं. तू हसलीस असं वाटून मी वळून पाहिलं.

न्यू मेक्सिकोतली ती बारा जणांची व्हॅन आठवते? दुसरी काही शिल्लकच नव्हती म्हणे. बारा आसनं आणि आपण दोन म्हाताऱ्या बहिणी. मी काउंटरवर अर्धा तास भांडले आणि तू तोवर कागद घेऊन व्हॅनभोवती फिरत, प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवून, सगळं टिपून घेतलंस. भाड्याच्या गाडीचं काम आपण असंच वाटून घेतलं होतं, भांडण माझं आणि ओरखडे तुझे. मग ताओसच्या त्या मातीच्या चर्चबाहेर आपण सावलीत उभ्या होतो, तर तीन आज्या प्रार्थना संपवून आल्या, मागचं दार उघडून बसल्या आणि पट्टे लावून तयार. त्यांना वाटलं वृद्धाश्रमाची व्हॅन आली. मी सांगायला तोंड उघडलं तर तू माझा हात दाबलास आणि विचारलंस, "आधी कुणाला सोडायचं?" तिघींना तू घरोघर सोडलंस. शेवटची उतरताना म्हणाली, "आधीचा ड्रायव्हर फार रागीट होता, तूच येत जा ग." रात्रीच्या जेवणात हिरव्या मिरचीचा रस्सा खाताना तू इतकी हसलीस की डोळ्यांतलं पाणी मिरचीचं की हसण्याचं ते कळेना.

एमिल गेला त्या वर्षीच्या सप्टेंबरात आपण पहिली गाडी घेतली. तुझ्या पिकअपमध्ये त्याचे हातमोजे, त्याच्या तंबाखूचा वास, त्याचा पाना. तू म्हणालीस, "भाड्याची घेऊ. ती कुणाच्याच नवऱ्याची नसते." मी लग्नच केलं नाही, त्यामुळे मला त्यातलं फार कळलं नव्हतं. पण त्या पिवळ्या चिमुकल्या गाडीत बसून आपण साउथ डकोटात शिरलो आणि तू काच खाली करून केस उडू दिलेस, तेव्हा थोडं कळलं. दर सप्टेंबरला एक गाडी, अशा सात झाल्या. चालवायचीस बहुतेक तूच. मी शेजारी बसून लायसन्स-कचेरीतल्या एकोणतीस वर्षांच्या सवयीनं बोलत राहायचे. "आरसा पाहिलास का? वेग बघ. वळण येतंय, इंडिकेटर दे." तू म्हणायचीस, "परीक्षकबाई, तुमच्या मांडीवर आता तो गुणांचा कागद नाही. खिडकीबाहेर बघा, डोंगर आहेत." इंडिकेटर तू कधी दिलाच नाहीस. आपल्या शेतावरच्या रस्त्यांवर तासाला एक गाडी जाते, ती पण ओळखीच्याची, त्याला वळण काय दाखवायचं? गावातले सगळे तसेच. एकोणतीस वर्षं मी त्या सगळ्यांचे याच कारणासाठी गुण कापले आणि एकोणतीस वर्षं त्यांच्यात तसूभर फरक पडला नाही.

आता वायोमिंग. त्या दिवसाबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही. सातवी गाडी, करडी, कोरी, किल्लीच्या जागी बटण आणि समोर टीव्हीएवढा पडदा. काउंटरवरची म्हणाली, "पाच मिनिटं द्या, या गाडीत काय काय नवीन आहे ते दाखवते." तू पुढे झालीस. मीच तुला मागे ओढलं आणि तिला म्हटलं, "मी एकोणतीस वर्षं या राज्यातल्या लोकांना लायसन्स दिली आहेत. गाडी कशी चालवायची ते मला शिकवू नका." तिनं खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी लँडर गावाच्या पुढे, दुपारच्या उन्हात, मेंढ्यांचा ट्रेलर अर्धा रस्त्यावर उभा होता आणि एक माणूस वाकून चाक बदलत होता. तू त्याला वाट सोडायला गाडी डावीकडे घेतलीस, आणि पिवळी रेघ ओलांडताच गाडी झटक्यानं परत उजवीकडे वळली, थेट त्या माणसाकडे. तू जीव खाऊन स्टिअरिंगचं चाक फिरवलंस. त्याची टोपी उडाली. हातभर अंतरानं वाचला तो. पुढे जाऊन तू गाडी थांबवलीस. तू म्हणालीस, "मी नाही ग वळवली. गाडीनं चाक ओढलं. माझ्या हातातून ओढलं, अगाथा."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "चाकं आपली आपण ओढत नाहीत, आल्बिना." हाच आवाज मी कचेरीत नापास झालेल्यांसाठी वापरत असे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि दार उघडून बाजूच्या आसनावर येऊन बसलीस. पुढचे सहाशे मैल मी चालवली. माझ्या हातात तिनं एकदाही चाक ओढलं नाही, आणि त्यावरूनच माझी खात्री पटली. तू खिडकीबाहेर बघत होतीस. डोंगर होते, पण त्यांच्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस.

ऑक्टोबरात तुला पत्र आलं, लायसन्स खात्याकडून, परत परीक्षेला या म्हणून. कुणीतरी तुझ्याबद्दल अर्ज केला होता. असा अर्ज कुणीही करू शकतं, आणि करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. त्याच्या पंधरा दिवस आधी कोरीन तुला म्हणाली होती, "आई, बर्फ पडायला लागला की मला फोन करत जा, मी नेईन." एवढ्यावर तू ठरवलंस. ती तुझ्या स्वयंपाकघरात रडत म्हणाली, "आई, शपथ घेते, मी नाही केलं," आणि तू तिला म्हणालीस, "माझ्या घरात खोट्या शपथा नकोत." कचेरीत गेलीस, नंबर येईपर्यंत तासभर बसलीस, आणि परीक्षा न देताच लायसन्स काउंटरवर टाकून म्हणालीस, "ठेवा. ज्यांना भीती वाटते त्यांना झोपू दे निवांत." तू ती परीक्षा दिली असतीस तर पास झाली असतीस. हे मी बहीण म्हणून लिहीत नाही. त्या कचेरीत मी एकोणतीस वर्षं घालवली आहेत.

आणि आता कॅन्सस सिटीहून परतताना काय झालं ते. हमरस्त्यावर सकाळी दहाच्या सुमारास पुढच्या ट्रकच्या टायरची साल सुटून माझ्या वाटेत आली. इंडिकेटर द्यायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो न देता गाडी डावीकडे घेतली, आणि चाक माझ्या हातात उलटं फिरलं. उजवीकडे, त्या सालीवर. कुणीतरी मनगट धरून मुरगळावं तसं. साल चाकाखालून गेली आणि मी पुढच्या पंपावर गाडी लावून बसून राहिले. मग कप्प्यातलं जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा लावला, आणि ते पान वाचलं. गाडी परत केली तेव्हा तिथल्या बाईलाही विचारलं. म्हणाली, "अहो आजी, ते रेघ सांभाळण्याचं यंत्र आहे. इंडिकेटर न देता रेघ ओलांडली की तिला वाटतं तुम्हाला डुलकी लागली, मग ती तुम्हाला परत आत आणते. इंडिकेटर दिलात तर काही करत नाही. हल्ली बऱ्याच गाड्यांत असतं, कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" वायोमिंगच्या वेळी ती काउंटरवरची सांगत होती ग. मीच सांगू दिलं नाही.

म्हणजे तुझे हात ठीक होते, आल्बिना. डोळे ठीक होते. तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं पाडलं, कारण मी अशी शहाणी की साधी रेघ ओलांडतानाही इंडिकेटर देते, म्हणून माझ्या हातातलं चाक गाडीनं कधी ओढलंच नव्हतं. ही गोष्ट कळून आज चार आठवडे झाले. चारही रविवारी तू फोन केलास, आणि चारही रविवारी मी तुला दुसरंच काहीतरी सांगत बसले.

तो अर्ज मी केला. वायोमिंगहून परत आले त्याच आठवड्यात, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. कारण काय, या रकान्यात लिहिलं, 'हातांवर ताबा राहिलेला नाही.' तुमचं नातं काय, या रकान्यात 'बहीण' लिहिण्याऐवजी 'निवृत्त परीक्षक' लिहिलं, म्हणजे लगेच दखल घेतील. तू मरू नयेस म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले, आणि ते खोटंही नाही. पण तू फोनवर विचारलंस, "हे कोरीननंच केलं ना?" आणि मी म्हणाले, "सुनांचं काय सांगावं." ते मात्र मी फक्त स्वतःला वाचवण्यासाठी म्हणाले. एका निरपराध मुलीनं ते दीड वर्ष भोगलं. मी केलेला अर्ज चुकीच्या समजुतीनं केला, असं सही करून काल त्या कचेरीला कळवलं आहे. तू परीक्षेला उभी राहिलीस तर लायसन्स परत मिळेल. न्यायला मी येईन, नको असेन तर नोव्हाकांना सांग. शनिवारी सकाळी मी कोरीनच्या दारात जाणार आहे आणि हेच सगळं तिच्या तोंडावर सांगणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मला क्षमा कर असं लिहायला बसले होते, पण ती मागायचा मला काय अधिकार? एकच मागते. दहा मेला जा. कोरीनला तू नेहमी बसतेस त्या बाकावर बोलाव आणि तिला तुझ्या शेजारी बसव, म्हणजे टेसा वेदीकडून वळून येईल तेव्हा तिला दोघी एकत्र दिसतील. मी त्या दिवशी येत नाही. तू बोलावशील तेव्हा येईन.

तुझीच, अजून ठेवून घेशील तर,
अगाथा