काठीवरचा हातमोजा

एलर्ट दाजी,

त्या फेब्रुवारीत आपण तीन तास वाचवले, आणि त्यात तुमचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

कॉड मासे वाळवायच्या मांडवावर, सगळ्यात उंच काठीला आपण लोकरीचा हातमोजा बांधतो. वाऱ्यानं तो आडवा झाला की सगळ्यांनी खाली उतरायचं. त्या सकाळी मीच खालून दोरी ओढून तो उतरवला आणि खिशात घातला. वादळ वाढायच्या आत उरलेले मासे टांगून व्हायला हवे होते.

तुम्ही वरून ओरडलात, “ओडवार, हातमोजा कुठाय रे?”

मी खालून म्हणालो, “ताईनं नवरा केलाय की भित्री कोंबडी? असल्या वाऱ्यात मी तीस हिवाळे वर काढलेत, दाजी!”

तुम्ही हसलात, आणि माशांची पुढची जोडी टांगायला दोन्ही हात सोडलेत. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, आणि तुम्ही खाली कोसळलात.

गावात तुम्ही अजून सांगता, “चूक माझीच, वर बघायला विसरलो.” ताईसुद्धा तेच खरं मानते. तुम्ही मला सांभाळून घेताय, हे कळूनही मी गप्प बसतो. हे पत्रही बहुतेक टपालात टाकणार नाही.

आणखी एक तुम्हाला ठाऊक नाही. मला उंचीवर चक्कर येते. त्या दिवसाआधीची नऊ वर्षं मी शिडीला पाय लावला नव्हता.

तुमचा मेहुणा,
ओडवार