ढोलाच्या खुणा

माँटेव्हिडिओ, १४ नोव्हेंबर

प्रिय फाब्रिसियो,

तू, इनेस आणि बाळ सुखरूप असाल असं धरून चालते. फोनवर काही लिहिलं की तू उत्तरादाखल एक लिंक पाठवतोस, म्हणून या वेळी कागद घेतला. कागदावर लिंक टाकता येत नाही.

इकडे सगळं ठीक. हाकारांदा फुलला आहे आणि फुटपाथभर जांभळा चिखल झाला आहे. बाबांच्या कार्निव्हल-पथकाच्या क्लबाला हिरवा रंग दिलाय, अगदी औषधाच्या बाटलीसारखा, पण तक्रार करायची कुणाची छाती नाही, कारण तो पथकप्रमुख एबेरने स्वतः निवडलाय. शेजारच्यांचा कुत्रा अजून जिवंत आहे. बाबा बरे आहेत, जेवतात, दुपारी झोपतात.

तू विचारलं होतंस, मशीन कसं चाललंय. छान चाललंय. पूर्वी ते सुरू होईपर्यंत मातेचा कडू चहा पिऊन संपायचा, आता पाणी उकळायच्या आत तयार असतं. ते श्रेय तुझं आहे आणि ते मी देते. जुलैत तू आलास तेव्हा विंडोज रोज धमकी देत होतं, की आता नवं मशीन घ्या नाहीतर आमची जबाबदारी संपली. तू जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलास आणि त्या कंपनीने जगाला कसं गुलाम केलंय यावर आम्हाला व्याख्यान दिलंस. बाबा तुला माते भरून देत होते आणि पाद्रीबाबाकडे बघावं तसे तुझ्याकडे बघत होते. मी एकच विचारलं होतं, "त्यांच्या गाण्यांचं काय?"

"निबिया, तू ना, जन्माची घाबरट. फाइल त्याच राहणार. एक अक्षर हलणार नाही."

फाइल आधी वेगळ्या डिस्कवर उतरवल्यास, लिनक्स बसवलंस, परत आणल्यास, आणि एक गाणं उघडून दाखवलंस. शब्द सगळे होते. बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तू विमानात बसलास.

आता बाबा गाणं कसं लिहितात ते तुला आठवतं का, हे मला खरंच माहीत नाही. सगळ्या गावाला पाठ असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर नवे शब्द चढवायचे, हे कार्निव्हलच्या प्रत्येक पथकाचा लेखक करतो. पण शब्दांच्या वरच्या ओळीत, ज्या अक्षरावर ढोल पडायचा त्याच्या बरोबर डोक्यावर एक रेघ, आणि झांजेसाठी टिंब, हे फक्त आपले बाबा करतात. मधल्या मोकळ्या जागा स्पेसबार दाबत मोजून, नजरेने, जाड्या बोटांनी. आणि ते सगळं त्या गोल-गोल, बालवाडीतल्या अक्षरात. आपण दोघं त्या अक्षरावर किती हसायचो. "बाबा, हे गाणं आहे की वाढदिवसाचं आमंत्रण?" असं तूच म्हणायचास.

तू गेल्यावर त्यांनी गेल्या वर्षीचं निरोपाचं गाणं उघडलं, पथक मैदान सोडताना शेवटी म्हणतं ते. रेघा हलल्या होत्या. ओळीच्या सुरुवातीला जरा, मध्यावर एक अक्षर, शेवटी तर ढोल पार रिकाम्या जागेत पडत होता. त्यांनी तुला फोन केला. मी कणीक मळत शेजारीच उभी होते, आणि फोनचा आवाज नेहमीसारखा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका होता.

"पोरा, या खुणा मी अशा घातल्या होत्या?"

"बाबा, फाइल जशीच्या तशी आहे. कॉम्प्युटर काही विसरत नाही. विसरतो तो माणूस." आणि तू हसलास.

बाबाही हसले. मग फोन ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून रेघा मोजायला लागले.

वर मी लिहिलं की बाबा बरे आहेत. ते खोटं आहे.

त्यांनी सगळी गाणी दुरुस्त करायला घेतली. एकेक रेघ उचलून जागेवर ठेवली, ओठातल्या ओठात म्हणून, टेबलावर ठेका धरून. मग ती एबेरला पाठवली. क्लबातल्या मशीनवर अजून विंडोज आहे. तिथे छापलं तर खुणा पुन्हा हललेल्या, या वेळी उलट्या बाजूला. तालमीत ढोल भलतीकडे आणि गळे भलतीकडे. पहिल्यांदा सगळे हसले. एबेर म्हणाला, "काय आदेमारसाहेब, आज वाइन लवकर उघडली वाटतं?" बाबांनी घरी येऊन पुन्हा तपासलं, तर घरी सगळं बरोबर. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. ते न हसणं फार वाईट होतं, फाब्रिसियो. मी भिंतीला टेकून उभी होते, मी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात एबेर बेकरीचा खोका घेऊन घरी आला. फार गोड बोलला. "यंदा विश्रांती घ्या. निरोपाचं गाणं जमलं तर नोव्हेंबरअखेरपर्यंत द्या, नाहीतर आम्ही जुनं एखादं गाऊ." बाबांनीच त्याला दारापर्यंत सोडलं आणि खांद्यावर थोपटलं. ज्या माणसाच्या ओळी ऐकून आख्खं मैदान रडायचं, तो त्या दिवसापासून शब्द लिहिण्याआधी मला विचारतो, "निबिया, हे असंच म्हणतात ना?" स्वयंपाकघरातलं त्यांचं गुणगुणणं बंद झालंय. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथे त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं, चित्रं ओळखायला लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोकं ठणठणीत आहे. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "भली बाई आहे. मन मोडवलं नाही तिला."

मला कळलं ते गेल्या महिन्यात, तेही योगायोगाने. तुझ्या त्या वेगळ्या डिस्कवर जुन्या प्रती तशाच होत्या. त्यातलं एक गाणं मी पेनड्राइव्हवर घालून शाळेच्या ऑफिसात छापलं. प्रत्येक रेघ आपल्या अक्षरावर. घरी तीच फाइल उघडली तर विस्कटलेली. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर शेजारी धरले, तेव्हा दिसलं: घरच्या कागदावर अक्षर गोल नव्हतं. ज्याच्यावर आपण वर्षानुवर्षं हसलो ते अक्षर घरातून गेलं होतं, आणि आपल्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. नवं अक्षर अरुंद, म्हणून शब्द आखडले आणि वरच्या खुणा जुन्याच जागी राहिल्या. तुला कळवलं. तुझं उत्तर माझ्याकडे आहे: "अच्छा, तो फॉन्ट नसेल. तो त्या कंपनीचा आहे, लिनक्ससोबत येत नाही. पण तांत्रिकदृष्ट्या फाइल बदललेलीच नव्हती." आणि एक लिंक.

तो फॉन्ट मी बसवला. मला, शाळेतल्या कारकूनबाईला, ते जमलं. तू जुलैत एकदा विचारलं असतंस, "बाबा, अक्षर कुठलं वापरता?" तर तुझ्या तत्त्वांना फार मोठा धक्का बसला नसता.

बाबांना जुनी प्रत दाखवली. सगळ्या खुणा जागच्या जागी. मी समजावलं, दोन्ही कागद दाखवले, अक्षरांवर पट्टी ठेवून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "किती मेहनत घेतलीस गं माझ्यासाठी. पण पोराने सांगितलंय ना, काही हललं नव्हतं म्हणून. त्याला त्यातलं कळतं."

त्यांना वाटतं, मी बसून खुणा दुरुस्त केल्या आणि आता त्यांची समजूत काढते आहे.

मला फार राग आहे, फाब्रिसियो. तुझ्यावर आहे, त्यांच्यावरही आहे. त्यांचे पाय मी दाबते, गोळ्या मी देते, तालमीला हाताला धरून मी नेते, आणि माझा शब्द या घरात दयेचा ठरतो. समुद्रापलीकडून तू थट्टेत एक वाक्य फेकलंस, ते मात्र खरं. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. पण एखाद्या माणसाने आपलं डोकं गेलं असं मनाशी पक्कं केलं, की ते खरोखर जायला किती दिवस लागतात हे त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही.

म्हणून, पत्र मिळेल त्या दिवशी त्यांना फोन कर. सकाळी कर, तेव्हा ते अंगणात असतात. कंपनीबद्दल बोलू नकोस, परवान्याबद्दल बोलू नकोस, तांत्रिकदृष्ट्या हा शब्द तोंडातून काढू नकोस. एवढंच म्हण, "बाबा, चूक माझी होती." हे वाक्य तू या घरात कधी उच्चारलेलं मला आठवत नाही, तेव्हा आधी इनेससमोर म्हणून बघ.

मला उत्तर लिहू नकोस. तू फोन केलास की नाही, ते मला स्वयंपाकघरातूनच कळेल.

फोन केलास तर तुझी बहीण,
निबिया