साचा पोटात आणि किल्ली माहेरी

तेलीबाग, लखनौ
भाऊबीजेचा दुसरा दिवस

प्रिय राघवराव यांस,

दाजींचे आशीर्वाद. सौ. सुलभालाही सांगा. तुमच्याकडे सध्या जे तिसरं माणूस राहायला आलं आहे, त्याला काय सांगायचं ते या घडीला मला सुचत नाही, तेव्हा ते राहू द्या.

पत्राला फार उशीर झाला, क्षमा असावी. साचा परत मागणारी तुमची पत्रं सगळी पोचली. पहिलं पाकीट होतं, शेवटचं मात्र उघडं कार्ड होतं, आणि ते हातात देताना आमचा पोस्टमन म्हणाला, "बाबूजी, साले साहब नाराज़ चल रहे हैं क्या?" (त्याला मराठी येत नाही. पण तुमचं अक्षर रागावलेलं आहे, एवढं त्याला कळलं.) उत्तर लिहायला मी रोज बसत होतो. पण "साचा पाठवतो" असं लिहावं तर ते खोटं, आणि "साचा पाठवत नाही" असं लिहावं तर तुम्ही मला चोर समजणार. म्हणून पेनाला टोपण लावून उठत होतो. माझी प्रकृती विचाराल तर गुडघे गेले, झोप गेली, खोकला तेवढा आहे. डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यापासून ते आणखी वाढलं आहे.

तर साच्याची हकीकत. मे महिन्यात मिरजेला तुमच्या कारखान्यात मी तो पाहिला, तेव्हा तुम्ही किती सोपं करून दाखवलंत! लोखंडी पत्र्याची वाकवलेली चार पाती, मध्ये नळीत बसवलेला आट्यांचा दांडा. वरून किल्ली घालून उजवीकडे फिरवली की पाती छत्रीसारखी पसरतात, हवं तेवढं पोट फुगतं. भोवती काँक्रीट भरायचं, ते धरलं की किल्ली डावीकडे फिरवायची. पोट आक्रसतं, साचा अलगद वर निघतो, आणि खाली पोकळ कुंडी तयार. तुम्ही म्हणालात, "दाजी, वेळेवर फुगायचं आणि वेळेवर आक्रसायचं, एवढंच ह्याचं काम." मी उभा जन्म रेल्वेच्या स्टोअरमध्ये दुसऱ्यांना नटबोल्ट मोजून देण्यात घालवला, स्वतः एक कधी फिरवला नाही. (शिक्षण सातवीपर्यंत, तेही दोन दमांत.) मला वाटलं, हे आपल्याला जमेल. तेव्हा तुम्ही "जपून वापरा" म्हणालात ते शब्द अजून कानात आहेत, आणि हल्ली तर कानातून हलतच नाहीत.

पुष्पक एक्सप्रेसमधून तो आणताना काय हाल झाले ते तुम्हाला लिहिलंच नाही. बर्थखाली मावेना, म्हणून मी बर्थवर साचा ठेवला आणि त्याच्या कडेला बसून आलो. झाशीला चढलेल्या एका म्हातारीने हात जोडून विचारलं, कुठल्या देवाची मूर्ती आहे? लखनौला हमाल म्हणाला, "बाबूजी, तोप है क्या?" तुमची ताई तेव्हा हसली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यानंतर ती हसल्याचं मला आठवत नाही.

हा खटाटोप कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर माणिकने, म्हणजे तुमच्या ताईने, तुळस डालड्याच्या डब्यात लावली. बदली, क्वार्टर बदल, वरचा मजला, खालचा मजला, डबा बरोबर. "आपलं घर झालं की मिरजेच्या अंगणात आहे तसं वृंदावन," असं मी म्हणायचो आणि ती "हो" म्हणायची. तेलीबागेत घर झालं. इथे बाजारात तुळशीचे चौथरे मिळतात, पण तसं कोनाड्याचं, वर रुंद, मिरजेसारखं मिळत नाही. म्हणून मी स्वतः ओतायचं ठरवलं. एवढंच नाही, महाराष्ट्र मंडळात मी उठून सांगितलंही, की यंदा सगळ्यांचं तुळशीचं लग्न आमच्या अंगणात. मालिनीवहिनींनी (त्यांचे यजमान बँकेत आहेत) टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नवरात्रात अष्टमीला सकाळी बाहेरून फळ्यांचं खोकं उभं केलं, आत तुमचा साचा. तेल लावून, फुगवून, तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. काँक्रीट भरलं. शेजारचे शुक्लाजी कठड्यावरून पाहत होते. "अंकल जी, इसमें से निकलेगा क्या?" मी म्हटलं, बघत राहा. दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा, पण दुसरा दिवस खंडेनवमी. आपल्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि त्यांना कामाला लावायचं नाही. स्टोअरमध्ये सगळे विश्वकर्म्याची पूजा करायचे, पण मी खंडेनवमीही कधी चुकवली नाही. साचा तर काँक्रीटमध्ये होता, म्हणून त्याच्या वतीने किल्लीची पूजा केली. झेंडूचं फूल वाहिलं. पूजा झाल्यावर किल्ली नीट जागेवर ठेवली. नीट जागा म्हणजे कुठली हे आठवत नाही, पण जागा नीट होती याबद्दल माझी खात्री आहे.

दसऱ्याला फळ्या काढल्या. राघवराव, काय वृंदावन उभं राहिलं होतं! कोनाडे, कंगोरे, सगळं. ताई किती वेळ नुसती त्याच्यावरून हात फिरवत होती. आता खरं तर गुपचूप साचा काढायचा होता. पण संध्याकाळी मंडळी सोनं द्यायला येणार होती, आणि सगळ्यांसमोर साचा वर काढून दाखवावा असा माझा बेत होता. मंडळातल्या बायका आल्या. मीच म्हटलं, आधी हळदकुंकू होऊ द्या. सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं, ताईने ओवाळलं, आणि मी बाह्या सरसावून किल्ली मागितली.

किल्ली नाही.

हत्यारांच्या पेटीत नाही, माळ्यावर नाही, खिडकीत नाही. सूनबाई हेमा म्हणाली, "बाबा, चम्मचवाले डिब्बे में देखा?" (ती इथेच वाढली, मराठी समजते, पण घाईत हिंदी.) चमच्यांचा डबा पालथा केला. बायका चहाचे कप हातात घेऊन उभ्या. मग माझा तोल गेला. मी म्हणालो, मी जागेवर ठेवलेली वस्तू हलते ती एकाच माणसाच्या हाताने. ताई म्हणाली, "मी तुमच्या वस्तूंना हात लावत नाही, लावला की त्या सापडतात म्हणून तुम्हाला राग येतो." मी घण आणायला निघालो. ती वृंदावनापुढे आडवी उभी राहिली. कुंकू लागलेल्या वृंदावनाला घण लावायचा नाही. बाकीच्या बायकांनीही मान हलवली. त्यावर मी तुमच्या यंत्राविषयी आणि एकंदरीत मिरजेविषयी काही बोललो. ते तुमच्या कानावर आलंच असेल. मी त्याच्या निम्मंच बोललो होतो. ती शांतपणे आत गेली, डालड्याचा डबा आणून वृंदावनावर ठेवला आणि म्हणाली, "झालं वृंदावन. तुळस डब्यातच राहिली, फक्त उंचावर गेली." आणि मग सगळ्यांदेखत, "भाऊच्या यंत्राला आक्रसायला किल्ली तरी आहे. तुम्हाला तीही नाही." मालिनीवहिनींना चहाचा ठसका लागला.

कोजागिरी झाल्यावर मालिनीवहिनी पुण्याला निघाल्या, त्यांच्या सोबतीने ताई मिरजेला आली. जाताना मला म्हणाली, पेज फडताळात आहे. एवढंच.

तेव्हापासून साचा सोडवण्यासाठी मी काय केलं नाही ते विचारा. दांड्याचं डोकं तुम्ही त्या नळीच्या इतकं आत बसवलं आहे, की दुसरा पाना तिथवर पोचतच नाही. शुक्लाजींनी सांगितलं रॉकेल ओता, आटे सुटतील. रॉकेल ओतलं. आटे सुटले नाहीत, पण आता तुळशीपुढे दिवा लावायची हिंमत होत नाही. हेमा लांब भिंतीशी पणती ठेवते आणि तिथून नमस्कार करते. मग अमीनाबादेतला चाबीवाला रिक्षात घालून आणला. त्याने चष्मा लावून आत डोकावून पाहिलं, नळीच्या तोंडाला आदराने बोट लावलं आणि म्हणाला, "हुज़ूर, ताला होता तो खोल देते. यह तो आपका शौक़ है." चहा पिऊन गेला.

आमचा प्रसाद म्हणतो, बाबा, दुसरं वृंदावन ओतू. कशावर ओतू? साचा आत आहे. प्रसाद हे ऐकून ऑफिसला जातो.

तुम्हाला आठवत असेल, मध्ये एकदा मी एसटीडी बूथवरून फोन केला होता. तुम्ही रिसीव्हर ताईच्या हातात दिलात. मी म्हटलं, हॅलो. ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. समोर मीटर पळत होता. मागे रांगेतला माणूस म्हणाला, "चाचा, लाइन कट गई है." मी म्हटलं, नाही, लाइन चालू आहे. तिचा श्वास ऐकू येत होता.

दिवाळी झाली. हेमाने सगळं केलं, चकल्याही छान झाल्या होत्या, कुणी खाल्ल्या नाहीत. काल तुम्हाला इतक्या वर्षांनी ताईने समोर बसवून ओवाळलं असेल. मला बरं वाटलं. (हे खरं आहे. थोडा वेळ खरोखरच बरं वाटलं.) इथे तुळस मात्र बिघडली. पानं पिवळी पडून गळतात. पाणी किती घालायचं हे ताई कुणाला सांगून गेली नाही. कमी पडलं असेल म्हणून मी घालतो, मग जास्त झालं असेल म्हणून डबा तिरपा करतो, मग पुन्हा कमी पडलं असेल असं वाटतं. द्वादशी जवळ आली. मंडळाच्या बायका विचारतात, मंगलाष्टकं कुणी म्हणायची, ऊस किती आणायचे? मी म्हणतो, सांगतो. मंडप ठरलेला, वऱ्हाड ठरलेलं, नवरीला अंगावर पान नाही आणि यजमानीण माहेरी. माझ्या हातून तर आजवर साधी रांगोळीची ओळ सरळ निघालेली नाही.

मला बाकी कशाची काळजी नाही, फक्त तुमच्या साच्याची आहे. तुमचं काम अडलं आहे, आणि तुमची वस्तू अशी माझ्या अंगणात काँक्रीटमध्ये अडकून पडावी, याची मला लाज वाटते. तेव्हा एक करा. ताईच्या ट्रंकेत, पातळांच्या घड्यांत, पानसुपारीच्या डब्यात किल्ली आहे का ते बघा. माझ्या मते ती तिच्याबरोबरच आली आहे. तिने मुद्दाम नेली असं मी म्हणत नाही. आता म्हणत नाही.

तुमचे,
दीनानाथ दाजी

ता. क. किल्ली सापडली तर पोस्टाने पाठवू नका. पार्सलं गहाळ होतात. कुणा ओळखीच्या माणसाबरोबरही नको. ज्या हाताने गेली त्याच हाताने परत यावी, ते सुरक्षित. लग्न द्वादशीला झालं नाही तरी पौर्णिमेपर्यंत लावता येतं, हे मी मंडळात विचारून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. हे फक्त तुमच्यासाठी, ताईला वाचून दाखवताना गाळा. पत्राच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावावं म्हणून आत्ता देवघरात गेलो होतो. ती गेल्यापासून पूजा मी करतो, म्हणजे वरून फूल ठेवतो, देव काही हलवत नाही. कुंकवाच्या करंड्याला धक्का लागला, देवांखालचं लाल वस्त्र सरकलं. खाली किल्ली. झेंडूचं वाळलेलं फूल अजून तिला चिकटलेलं. खंडेनवमीला चुकून कुणी कामाला लावू नये म्हणून मीच ठेवली होती. ज्या देवांपुढे इतके दिवस मी तिच्या नावाने तक्रार करत होतो, ते देव किल्लीवरच बसले होते आणि मुकाट्याने ऐकत होते.

तसाच अंगणात गेलो. डबा खाली उतरवून किल्ली घातली, डावीकडे पाव फेरा दिला. कर्र करून पाती आत आली, राघवराव! तुमच्या यंत्रात काही खोट नाही, मिरजेतही नाही. लगेच मी ती उजवीकडे फिरवून पुन्हा होती तशी घट्ट केली, डबा वर ठेवला, आणि किल्ली पुसून देवांखाली होती तिथे ठेवून आलो. आता ती मला सापडणार नाही. ताई आल्यावर पहिल्यांदा देवघरच साफ करील, मी काय अवस्था केली आहे ते बघून करीलच. किल्ली तिच्या हाताला लागू दे. मंडळाच्या सगळ्या बायकांना बोलावून तिने त्यांच्यासमोर मला हवं ते बोलावं. मी एक शब्द उलट बोलणार नाही. बोलणं संपलं की तिच्या हातानेच साचा काढू, आत माती भरू, आणि तुमचा साचा त्याच दिवशी बिल्टी करून मिरजेला.

ता. क. तिसरा. तिने यायला नाही म्हटलं, तर निदान तुळशीला पाणी किती घालायचं ते विचारा. पण आधी गाडीचं विचारा. पत्राने उशीर होईल, तार करा. तारेत फक्त कुठल्या दिवशी निघाली ते घाला. उद्यापासून मी पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठणार आहे, तेव्हा लवकर करा, राघवराव, वाट पाहतो.