यजमानांना जग कोणी सांगावं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. उद्या माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. अक्षर हललं असेल तर ते भीतीनं नव्हे. आज सकाळी असं काही घडलं की तिसरं कलम फाडून नव्यानं लिहावं लागलं, आणि अजून माझा पाय जमिनीवर ठरत नाही.

कलम १. राहतं घर यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलाला व सुनेला. "हे घर म्हणजे माझं काळीज" असं मी लिहिलं होतं. वकील भाची म्हणाली, "मावशी, काळीज कुणाच्या नावावर होत नाही. घरच लिही." लिहिलं.

कलम २. शिलाई मशीन व कात्र्या मुलीला. दिरांना काहीही नाही. कारण नोंदवते.

यजमान कारखान्यात पोलाद तापवायचे. भट्टी फुटली आणि दोन्ही डोळे गेले. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी सांगायला जायची, "आभाळ निळं आहे हो."

"कसलं निळं?"

"समुद्रासारखं."

"समुद्र मी कधी पाहिलाय?"

दीर माझ्यादेखत म्हणाले, "वहिनी, त्याला दिसत नाही, कशाला उगाच बडबड?" ते माझ्या जिव्हारी लागलं. तशीच शेजारच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, उपमा ऐकणाऱ्याच्या घरातली हवी, आपल्या नव्हे."

परत येऊन म्हटलं, "पोलाद तापताना आधी पिवळं, मग जांभळं, मग निळं होतं ना? त्यातलं शेवटचं निळं."

यजमान उठून बसले. "अगं मग बुडव पाण्यात, नाहीतर वाया जाईल!" आणि हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून मी मास्तरीणबाईंची विद्यार्थिनी. 'सारखं' गाळलं की रूपक होतं, निर्जीवाला रुसायला-हसायला लावलं की चेतनगुणोक्ती, हे कापड बेतता बेतता शिकले. यजमान मात्र गिऱ्हाइकापेक्षा कडक. ढगांना कापूस म्हटलं की म्हणणार, "शिळं आहे. ताजं वाढ."

कलम ३. माझ्यामागे यजमानांना जग कोणी सांगावं? कालपर्यंत इथे मुलीचं नाव होतं. ती परगावी, रोज फोनवरून सांगणार होती. सूनबाई याच घरात असूनही तिचं नाव नव्हतं. ती बस चालवते आणि बोलते ती रस्त्यावरच्या पाटीसारखी: "बाबा, पायरी. बाबा, डावीकडे." एकदा त्यांनी विचारलं, "सूर्य कसा मावळला?" ही म्हणाली, "रोजच्यासारखा." तो राग मी मनात धरून होते.

आज सकाळी दोघं गॅलरीत उभी होती. मी आत दवाखान्याची पिशवी भरत होते. खाली एक बाप मुलीला सायकल शिकवत होता.

यजमान म्हणाले, "काय चाललंय गं?"

"सीट धरून पळतोय, बाबा." मग जरा थांबून, "सोडली. सायकल पुढे गेली. पण त्याचा हात अजून सीटवरच आहे."

यजमानांनी अगदी हळू विचारलं, "आणि पोरगी?"

"तिला वाटतंय, बाबांनी धरलंय."

सायकल पुढे, आणि बापाचा रिकामा हात अजून सीटवरच! विरोधाभास! मी धावत बाहेर आले. "सूनबाई, हे काय बोललीस तू!"

ती दचकली. "काय झालं, आई? जे दिसलं ते सांगितलं."

यजमानांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि म्हणाले, "अजून सांग."

म्हणून हे काम सूनबाईला देते. मुलीनं वाईट वाटून घेऊ नये, तिनंही फोन करावा. मी ऑपरेशनमधून परत आले तरी हे कलम कायम राहील. मलाही ऐकायचं आहे.

साक्षीदाराला वाटणीतलं काही देऊ नये असं भाचीनं बजावलं, म्हणून मास्तरीणबाईंना फक्त नमस्कार.

ठिकाण: आमची गॅलरी.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार.
करून देणार: शिवणवाली, सही.
साक्षीदार: शेजारच्या मास्तरीणबाई, सही.
साक्षीदार: तळमजल्यावरचे घड्याळजी, सही.