बारा सेकंदांची पाटी

३ ऑगस्ट, रविवार
आज वाकडच्या राहत्या फ्लॅटमध्ये माझ्या मूलभूत हक्कांवर घाला आला. आवडता जुना सिनेमा लावला, तर आधी पाटी: 'यात काही वंशांचं अपमानास्पद चित्रण आहे. ते तेव्हाही चूक होतं, आजही आहे.' पूर्ण बारा सेकंद! पुढे ढकलताही येत नाही. चहावर साय धरली. मग तो नाचाचा सीन. तोंडाला काळं फासलेले जंगली, गवताचे घागरे, विनोदवीर कढईत. पोट धरून हसलो. तेजल हसली नाही. म्हणे, बाबा, पाटी तुमच्यासाठीच होती. पोटची मुलगी!
ठराव: चॅनेलला कडक पत्र.

४ ऑगस्ट
मसुदा झकास. 'हसण्याने कुणाचा अपमान होत नाही.' पुरावा घरचाच: २००१ची खंडेनवमी, चाकणच्या आमच्या कंपनीत मशिनांची पूजा, मग गॅदरिंग. मी सुपरवायझर आणि दिग्दर्शक. हाच नाच बसवला. पाच जणांना बूटपॉलिश. सहावा वेल्डर बिरू. त्याला पाहून म्हणालो, याचं पॉलिश वाचलं! सगळं डिपार्टमेंट हसलं. बिरूही हसला असणार. तेव्हापासून तो, नाचातल्याच नावाने, 'झुंबा सरदार'. चोवीस वर्षं. एवढं प्रेम कुणाला मिळतं?

७ ऑगस्ट
बिरू महिनाअखेरीस रिटायर. निरोपाचं भाषण माझ्याकडे (दुसरं आहे कोण?). योजना: पडद्यावर तो सीन, मग 'झुंबा सरदार की जय'. एचआरचा शेखर म्हणाला, बिरूमामांची एकच अट आहे, ते नाव कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर ते येणार नाहीत. चेष्टा करत असेल. शेखर.

८ ऑगस्ट
कँटीनमध्ये बिरूला गाठलं. काय राव, रागावलास की काय? ताटातून मान वर न करता म्हणाला, न्हाई साहेब. पोरगी पाच वर्साची व्हती, गॅदरिंगला आणली व्हती. घरी जाऊन त्वांड घासत बसली. टाचा घासायच्या वजरीनं.
मग ताक प्यायला. मी एखादा विनोद आठवत राहिलो.

१० ऑगस्ट
पत्र पाठवलं नाही. कामं फार. 'काळच तसा होता' असं एक चांगलं वाक्य सुचलं. पण पाटीवाल्यांनी त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय. आगाऊ लोक.
ठराव: तीन पानी भाषण. माफी दुसऱ्या पानावर, ओघात.

१७ ऑगस्ट
स्वयंपाकघरात साबुदाण्याचा स्टीलचा डबा दिसला. त्या नाचाचं पहिलं बक्षीस. बिरू ते घ्यायला स्टेजवर आलाच नव्हता. नाव कोरून देतो म्हणत मी घरी आणला. कोरलंही: 'झुंबा सरदार'. द्यायचा राहिला.

१८ ऑगस्ट
पिंपरी कॅम्प, भांड्यांचं दुकान. जुनी अक्षरं घासून काढायला लावली. कोरणारा शहेबाज मशीन धरून म्हणाला, चाचा, नाव बोला. बिरू. पूर्ण नाव?
चोवीस वर्षं एका छपराखाली. आडनाव माहीत नाही.
शेखरला फोन केला. त्याने आधी दोनदा विचारलं, कुणाचं? मग सांगितलं.

३० ऑगस्ट, शनिवार
'श्री. बिरू धोंडिबा कोळेकर' एवढंच धड म्हणता आलं. पुढची तीन पानं खिशातच. माफीचं पानही. टाळ्या पडल्या, लवकर संपलं म्हणून.
गेटवर डबा दिला. म्हणालो, तुमचा आहे, माझ्याकडे राहिला होता. बिरूने नाव वाचलं. डबा उजेडात तिरपा धरला की खालचं जुनं नाव अजून पुसट दिसतं. त्याने तिरपा धरला. शेजारी त्याची बायको सगुणाबाई. डबा तिच्या हातात देत म्हणाला, घासून घे.