मावशींचा माईक

अण्णा, काल बिबवेवाडीच्या आपल्या खोलीत मावशी गाऊन गेल्या. तुमच्या गायन पार्टीत तुमच्या शेजारी बसून आयुष्यभर गायल्या, त्याच. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील की जाईल, डॉक्टर नीट सांगत नाहीत. जयंतीचे एवढे कार्यक्रम गाजवलेत तुम्ही दोघांनी, पण कुणी धड रेकॉर्डिंग केलं नाही. तुम्ही गेलात, तुमचा आवाज तर कुठेच नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो. म्हटलं, निदान मावशींचा तरी जाऊ द्यायचा नाही.

त्यासाठी ऑडिओ इंटरफेस आणला. म्हणजे एक डबी. एका बाजूने माईकच्या वायरी लावायच्या, दुसऱ्या बाजूची वायर लॅपटॉपला. मावशींसमोर एक माईक, पेटीसमोर दुसरा. पेटी तुमचीच, वाजवणार मी. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मावशींचा माईक ढिम्म! सगळ्या वायरी उपसून पुन्हा लावल्या. घामाने आंघोळ झाली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "चालू दे तुझं. ऑपरेशन सोमवारी आहे." शेवटी सापडलं. तो माईक नाजूक जातीचा, त्याला डबीतूनच वीज द्यावी लागते, आणि ते बटणच मी दाबलं नव्हतं. दाबलं, तर मावशींचं नुसतं खाकरणंसुद्धा लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी पट्टी होऊन नाचायला लागलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

स्वारगेटजवळचा तो कार्यक्रम आठवला. मी लहान, माईक पार ओठांना लावून उभी आहे. तुम्ही पेटीवरून सगळ्यांदेखत ओरडता, "अगं, आइस्क्रीम आहे का ते, चाटायला?" लोक हसतात, मी भोकाड पसरते. घरी येताना तुम्ही मला खरंच आइस्क्रीम घेऊन दिलंत.

मावशी तुमचं गाणं गायला लागल्या आणि अंगावर काटा आला. कडवं संपलं, मी पेटीवर मधला तुकडा धरला, तोच खडखड! मावशींनी स्टँडसकट आपला माईक माझ्या पेटीकडे वळवला. तुमच्या पार्टीला कायम एकच माईक मिळायचा. गाणारा थांबला की तो पेटीकडे फिरवायचा, ही तुमची रीत. मी थांबले. "मावशी, पेटीला वेगळा माईक आहे. तुमचा हलवू नका."

"बरं," म्हणाल्या. पुढच्या कडव्यानंतर पुन्हा तेच! मी चिडलेच. तर म्हणाल्या, "पेटी वाजतेय आणि माईक माझ्याच तोंडापुढे? लाज वाटते गं. हात आपोआप जातो."

मग मी पेटीचा माईक काढूनच टाकला. एकच ठेवला, दोघींच्या मध्ये, आणि म्हटलं, फिरवा. खडखडीसकट गाणं पुरं झालं. मावशींनी हेडफोन लावून ऐकलं आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ही मी? चांगलं गाते की गं मी!" हसता हसता माझे डोळे भरून आले.

जाताना चपला घालत म्हणाल्या, "तुझ्या बापाचं ते दुसरं गाणं राहिलंय. मी बरी झाले की करू. आवाज राहिला तर मी गाईन. नाही राहिला तर तू गा, मी माईक फिरवीन."

मी हो म्हणून बसलेय, अण्णा. आज सुट्टी टाकली, दार लावलं आणि ते गाणं म्हणून बघितलं. वरचा सूर फाटतो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मावशींचा आवाज राहावा, असं मनापासून वाटतं. पण राहिला तरी मला गायचंय.